'विद्यार्थी' हा एक शब्द टाइप करायला लावणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या वाचनालयाचं देवघेवीचं सॉफ्टवेअर करायला घेतलं तेव्हा टूलकिट (प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं बनवायचं तयार सामान) निवडणं हा एवढा मोठा विषय असतो हेच मला माहीत नव्हतं. क वर्गाचं वाचनालय, अनुदान तुटपुंजं, एक पीसी विंडोज ७ चा आणि दुसऱ्यावर कुणीतरी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलेलं. मी टीकेइंटर हे टूलकिट घेतलं कारण प्रोग्राम ज्या पायथॉन भाषेत लिहीत होतो तिच्यासोबतच ते फुकट येतं, घरच्या विंडोजवर सगळं झकास दिसलं, आणि वाचनालयातल्या उबुंटूवर लावलं तर सभासदांची नावं अशी फुटली की ग्रंथपाल काकू म्हणाल्या "आपलं रजिस्टरच बरं होतं रे". दोन महिन्यांचं काम होतं ते.

तुमचा नंबर एका मित्राने दिला, ओळख ना पाळख, तरी तुम्ही रात्री दीड तास बोललात. हे घे ते घे असं काही सांगितलं नाहीत. म्हणालात, प्रत्येक टूलकिटमध्ये एक रिकामी खिडकी बनव आणि दोन्ही मशीनवर 'विद्यार्थी' टाइप कर, पहिली वेलांटी, जोडाक्षर, रफार, सगळं त्या एका शब्दात आहे. लिनक्सवर टीकेइंटरमध्ये वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली, रफार सुटा पडला. क्यूटी नावाच्या दुसऱ्या टूलकिटमध्ये शब्द अगदी नीट आला, मी खूश होऊन पायक्यूटीत (पायथॉनमधून क्यूटी वापरायची सोय) कामाला लागणार तेवढ्यात तुम्ही विचारलंत, पुढे दुसऱ्या वाचनालयांना सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) न देता विकणार आहेस का? मी हो म्हटलं. मग पायक्यूटीचं लायसन जीपीएल आहे, म्हणजे प्रोग्रामसोबत सोर्सही द्यावा लागतो, न देता विकायचं तर कमर्शियल लायसन घ्यावं लागेल, पायसाईड ही क्यूटी वापरायची दुसरी सोय, तिचं लायसन एलजीपीएल आहे, तिथे चालतं पण लायब्ररी (क्यूटी-पायसाईडचा कोड) बदलता येईल अशी वेगळी ठेवायची, हा फरक तुम्ही इतका शांतपणे समजावलात ना, की मी आयुष्यात पहिल्यांदा एखादं लायसन पूर्ण वाचलं. ह्यासाठी तर खरंच किती आभार मानू कळत नाही, नाहीतर मी नकळत कुणाच्या तरी अटी मोडून पैसे घेतले असते.

मग क्यूटीच्या नव्या आवृत्तीला, क्यूटी ६ ला, किमान विंडोज १० लागतं म्हणून तिच्यावरचं पायसाईड ६ पण गेलं. पीसी नवा घेण्याएवढे पैसे नव्हतेच. शेवटी डब्ल्यूएक्सपायथॉन हे टूलकिट घेतलं. ते १९९२ साली एडिनबरा विद्यापीठात सुरू झालेल्या डब्ल्यूएक्सविजेट्सवर उभं आहे, बटणं आणि मजकुराचे रकाने ज्या त्या सिस्टिमचेच वापरतं, त्यामुळे विंडोजवर विंडोज आणि उबुंटूवर पँगो (तिथली अक्षरं जुळवणारी लायब्ररी) मराठी सांभाळतं, आणि लायसनमध्ये बंद सोर्सला स्पष्ट सूट आहे. विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढे जाऊ नको हे पण तुम्हीच सांगितलंत. उबुंटूवर पिपने (पायथॉनचे जोड-भाग टाकायचं साधन) टाकलं तर ते तासभर कंपाइल होत बसलं तेव्हा परत फोन केला, तुम्ही न वैतागता म्हणालात ते सोड, उबुंटूचं तयार पॅकेज टाक, आणि पाच मिनिटांत झालं.

आता दोन्ही पीसीवर देवघेव चालू आहे. काकू स्वतः वर्गणीच्या पावत्या काढतात. सांगलीकडे आलात की वाचनालयात नक्की या दादा, सभासद क्रमांक १ नव्या यादीत तुमच्यासाठी मोकळा ठेवलाय, तुमचं नाव मला तुमच्यासमोरच टाइप करायचंय.