तक्रार करा, पण कागदांसह

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार करताना लोक संताप पानभर लिहितात, कागद मात्र जोडत नाहीत. समितीपुढे बोलतो तो केसपेपर: नर्सिंगच्या नोंदी, भुलेचा तक्ता, संमतीपत्रावरची वेळ. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णाच्या, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाच्या, नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. भरपाई हवी असल्यास ग्राहक आयोग गाठावा. परिषद ताकीद देते किंवा डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव काढते, पैसे देववत नाही. डॉक्टरांनीही मागाहून खाडाखोड करू नये. वेगळ्या शाईतली ओळ लगेच खुपते. आणि ६ महिन्यांत निर्णय देण्याचा नियम परिषदेलाही लागू आहेच की!