अरेसेच्या संग्रहालयातली लाल गाडी

मिलान, इटली

ती. आप्पांस,

साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी सुरू झालीय. आईला सांगा, तिनं दिलेला स्वेटर रोज अंगात असतो.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, एक गाडी बघायला अख्खा रविवार कशाला घालवलास? तेव्हा आजूबाजूला गडबड होती, नीट बोलता आलं नाही. पण आयुष्यभर उद्यमनगरात पत्राकाम केलेल्या माणसाला ही गाडी सविस्तर सांगायलाच हवी, म्हणून लिहायला बसलो.

मिलानच्या बाहेर अरेसे म्हणून गाव आहे. अल्फा रोमिओ या मोटार कंपनीचा मोठा कारखाना तिथं होता, आता कंपनीचं संग्रहालय आहे. कंपनी 1910 सालची, मिलानमध्येच सुरू झालेली. आत एकाहून एक गाड्या आहेत, पण मी गेलो होतो तो फक्त 33 स्ट्राडालेसाठी. स्ट्राडाले म्हणजे रस्त्यावर चालवायची. शर्यतीसाठी बनवलेल्या 'टिपो 33' या गाडीला नंबरप्लेट लावून विकायचं ठरलं आणि त्यातून 1967 साली ही जन्माला आली. एकूण चासी, म्हणजे बॉडीखालचे सांगाडे, बनल्या अवघ्या 18. किंमत एक कोटी लिरांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या लॅम्बोर्गिनी मिउरापेक्षाही महाग.

फोटोत तिची उंची कळत नाही. जमिनीपासून छतापर्यंत 99 सेंटिमीटर, माझ्या कमरेला लागते. मी गुडघ्यावर बसून बाजूनं बघितली. पुढच्या चाकावरून चढलेली गोलाई दारापाशी आत दबते आणि मागच्या चाकावर पुन्हा उचलली जाते. या सगळ्या पट्ट्यात सरळ रेघ म्हणून सापडत नाही. दाराची काच खिडकीच्या जागी थांबत नाही, ती वळून थेट छतात शिरते. दारं उघडतात ती पुढे आणि वर, पंखांसारखी. अशी दारं बसवलेली ही पहिली रस्त्यावरची गाडी. संग्रहालयातली गाडी अगदी सुरुवातीची आहे, तिला दोन्ही बाजूंना दोन-दोन हेडलाइट आहेत. दिवा जमिनीपासून किती उंच असावा याचे नियम होते, त्यामुळे पुढच्या गाड्यांना एकेकच हेडलाइट आला. मला चार दिव्यांचीच जास्त आवडली.

आता मुख्य गोष्ट. ही गाडी ज्यानं रेखाटली तो फ्रांको स्कालिओने जवळजवळ पाच वर्षं आपल्या देशात होता, आणि तेही कैदी म्हणून. माणूस फ्लॉरेन्सचा, जन्म 1916 चा, विमानविद्येची ओढ असलेला. दुसऱ्या महायुद्धात 1941 च्या डिसेंबरात लिबियामध्ये तो इंग्रजांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला हिंदुस्थानात आणून योलच्या छावणीत ठेवलं. योल म्हणजे कांगडा खोऱ्यात, धरमशाळेजवळ, धौलाधारच्या पायथ्याशी. तिथून तो सुटला थेट 1946 च्या अखेरीस. ऐन पंचविशीतली वर्षं तारेच्या कुंपणाआड गेली. परत आल्यावर पोटासाठी त्यानं कपड्यांची डिझाइनं काढली, मग तुरीनला जाऊन बेर्तोने या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे लागला. तिथं 1953 ते 1955 या काळात त्यानं अल्फासाठी 'बॅट' नावाच्या तीन प्रायोगिक गाड्या केल्या. त्यातल्या मधल्या गाडीचा वाऱ्याला होणारा अडथळा, म्हणजे ड्रॅग कोएफिशंट, 0.19 इतका कमी होता. आजच्या चांगल्या गाड्यांनाही तो आकडा गाठणं जड जातं, आणि याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. वारा पत्र्यावरून कसा वाहील हे त्याला आतून कळत असणार, असं मला मनापासून वाटतं.

पण आप्पा, कागदावर रेघ ओढणं वेगळं आणि तीच रेघ पत्र्यात उतरवणं वेगळं, हे तुम्हाला मी काय सांगणार? बॉडी बांधायचं काम मिळालं माराझ्झी नावाच्या नव्याकोऱ्या कारखान्याला. त्याआधी मिलानमधली टूरिंग ही जुनी, नावाजलेली बॉडीबिल्डर कंपनी बंद पडली होती, तिथली माणसं इकडे आलेली. तरीही कामाचा दर्जा स्कालिओनेच्या मनासारखा होईना. शेवटी तो स्वतःच तिथं ठाण मांडून बसला आणि आपल्या देखरेखीखाली काम करवून घेतलं. बॉडी सगळी ॲल्युमिनियमची. हा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, ताव देऊन नरम करावा लागतो, नाहीतर तडा जातो, हे मी तुमच्याच शेजारी उभा राहून बघितलंय. सगळं असं हातानं ठोकलेलं, त्यामुळे एक गाडी हुबेहूब दुसऱ्यासारखी नाही. गाड्यांचे लिलाव करणारे लोक ती दुर्मीळ आहे म्हणून वेडे होतात. माझं मत विचाराल तर 18 हा आकडा दुय्यम आहे. चित्र काढणारा माणूस हातोडी चालवणाऱ्यांच्या शेजारी उभा राहिला, म्हणून ही गाडी अशी झाली.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, धाकट्याला वाचून दाखवा, त्याला आवडेल. फक्त 1995 सीसी, पण सिलिंडर आठ! प्रत्येकाला दोन, असे सोळा स्पार्क प्लग. कार्ब्युरेटर नाही, मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन. इंजिन सीटच्या मागे, त्यामागे सहा गिअरचा बॉक्स. 8,800 आरपीएमला साधारण 230 हॉर्सपॉवर. गाडीचं वजन 700 किलोच्या आसपास, त्यामुळे ताशी 260 किलोमीटरपर्यंत जायची. हे सगळं शर्यतीच्या विभागातलं, म्हणजे कार्लो कीतीच्या आउतोदेल्तामधलं. संग्रहालयात ते गप्प उभं असतं याचं वाईट वाटलं. एकदा तरी सुरू झालेलं ऐकायचंय.

त्या 18 पैकी काही चासी तर नुसत्या प्रायोगिक बॉडी बसवायला गेल्या. त्यातली एक, 'काराबो', याच संग्रहालयात आहे. 1968 ची, बेर्तोनेकडच्या मार्चेल्लो गांदिनीनं रेखाटलेली. हिरवी, पाचरीसारखी, सगळ्या कडा धारदार, दारं कात्रीसारखी सरळ वर जाणारी. पुढे लॅम्बोर्गिनी काउंटाशला तशीच दारं आली. खाली तीच चासी, मध्ये जेमतेम वर्ष गेलेलं, आणि गोलाईचा मागमूस नाही. लोक काराबोपुढे जास्त वेळ उभे होते. मला ती हुशार वाटली, पण जीव जडला नाही.

स्कालिओनेच्या वाट्याला मात्र पुढे फार काही आलं नाही. पैशाचा फटका बसला, मोटारींच्या धंद्यातून तो बाजूला झाला आणि तोस्कानातल्या सुवेरेतो नावाच्या लहानशा गावात 1993 साली वारला. अल्फानं 2023 मध्ये याच नावाची नवी गाडी काढली, 33 नग, तेव्हा जुन्या गाडीचे फोटो जगभर फिरले. त्या फोटोंखाली त्याचं नाव मोठ्या अक्षरात असायला हवं होतं.

दाराचे जवळून काढलेले फोटो धाकट्याच्या मोबाइलवर पाठवलेत. मोठे करून बघा. काच छतात वळते तिथली पत्र्याची कड एवढी बारीक कशी ठेवली असेल? मला वाटतं आत पट्टी देऊन कड दुमडली असावी, पण तुम्ही बघून सांगा. रविवारी फोन करतो तेव्हा यावरच बोलू. आणि गुडघ्याला तेल लावणं सोडू नका.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमचा,
संजू