बारावीला ६१, सीईटीला ९७

सांगली, विश्रामबाग

प्रिय दत्त्या,

फोनवर तुझं निम्मं ऐकूच आलं नाही, साताऱ्याच्या स्टँडवर उभा राहून असल्या गोष्टी बोलतात का रे, म्हणून निवांत लिहितोय.

आधी ते तोंड पाडून बसणं बंद कर. पोराला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९७ पर्सेंटाईल आलेत आणि तू बारावीच्या ६१ टक्क्यांचं रडगाणं घेऊन बसलायस. २०२५ ला पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चार लाखाच्या वर पोरं बसली होती, तेवढी धरली तर तुझ्या पोराच्या पुढं बारा-तेरा हजार जण, बाकी सगळी मागं. पाहुण्यारावळ्यांना टक्के कळतात, पर्सेंटाईल कळत नाही, म्हणून ते तोंडं वाकडी करतात. करू देत.

आता कॅपमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, बारावीचं काम किती, तर पात्रतेपुरतं. ओपनला पीसीएममध्ये मिळून ४५ टक्के लागतात, तेवढी बेरीज मार्कशीटवर एकदा बघून घे. मेरिट सगळं सीईटीवर. दोघांचे पर्सेंटाईल तंतोतंत सारखे आले तर आधी मॅथ्स बघतात, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री, आणि तरी बरोबरी सुटली नाही तर बारावीचा नंबर लागतो. म्हणजे जवळजवळ नाहीच. हां, एनआयटीचं, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार मात्र बंद, तिथं जेईई कितीही चांगली असली तरी बोर्डाला ७५ टक्के नाहीतर टॉप २० पर्सेंटाईल पाहिजे. तुझे सासरे श्रेणीसुधारची परीक्षा देऊन ७५ करू म्हणतायत ते ऐकू नकोस, ९७ हातात असताना वर्ष कशाला घालवायचं.

आणि तो पुण्याचा एजंट. मॅनेजमेंट कोट्यातनं कॉम्प्युटर देतो म्हणाला ना? त्याला एकच विचार, ईबीसी मिळंल का. नाही मिळणार. ईबीसी म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, ती कॅपमधनं ॲडमिशन झाली तरच लागू होते, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असलं की निम्मी ट्यूशन फी माफ. तुझं दुकान धरून तू आरामात त्यात बसतोस. पोरगी असती तर २०२४ पासून सगळीच ट्यूशन फी माफ झाली असती, धाकटीच्या वेळेला लक्षात ठेव. पण हे निम्मं फक्त ट्यूशन फीचं हां, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे तुझ्याच खिशातनं. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर प्रत्येक खासगी कॉलेजची फी फोड करून दिलेली असते, ती बघ, कॉलेजच्या रंगीत माहितीपत्रकावर जाऊ नको. काही ठिकाणी आधी पूर्ण फी भरा, सरकारकडनं आली की परत देतो म्हणतात, ते ॲडमिशनच्या आधीच स्पष्ट विचार. आणि शिष्यवृत्तीचा महाडीबीटी साईटवरचा फॉर्म दरवर्षी भरायचा असतो, एकदा भरला की झालं असं नाही.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या जागा, त्या पण बघून ठेव. त्याला उत्पन्नाची अट तीच, ट्यूशन फी पूर्ण माफ, पण जागा पाचच टक्के, त्यामुळं कट-ऑफ वर जातो आणि नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही. चॉईस कोड वेगळा असतो, तो वेगळा भरायला लागतो, निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं.

कॉलेजचं म्हणशील तर मी इथं वालचंदच्या शेजारी राहतो म्हणून नव्हे, पण १९४७ पासूनचं अनुदानित कॉलेज आहे, नाव आहे, फी झेपणारी आहे. कॉम्प्युटर ९७ ला लागणार नाही असंच धरून चाल. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिलचे गेल्या वर्षीचे कट-ऑफ कॅटेगरीनं बघ, पीडीएफ लांबलचक आहे पण एक संध्याकाळ दे. दुसरं कराडचं सरकारी, तुझ्यापासून पन्नासेक किलोमीटर, पोरगं शनिवारी घरी येऊन कपडे धुवायला टाकंल. वहिनींना हे आवडंल. पुण्यात कुठंतरी नवीन खासगीत एआय नावाची ब्रँच घेऊन चार वर्षं कर्ज काढण्यापेक्षा कराडचं इलेक्ट्रिकल मला कधीही चालंल. माझं मत आहे हां, पोराला विचार, त्याला खरंच कोडिंगच करायचं असंल तर ईश्वरपूरचं (आधीचं इस्लामपूर) आरआयटी कॉलेज पण यादीत टाक, खासगी आहे पण ईबीसी धरून हिशोब घाल.

यादी भरताना घाबरून खालचं वर टाकू नको. २०२५ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिलाच ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच घ्यायची, पुढच्या फेऱ्या बंद, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातला लागला तरी तेच, तिसरीत पहिल्या सहातला. यंदाचं ब्रोशर आलं की ते वाचून घे, पण तत्त्व तेच, वर तेच ठेवायचं जे मिळालं तर रात्री झोप लागंल. वरच्या कॉलेजला नंबर नाही लागला म्हणून खालचं जात नाही, हे वहिनींना पण समजावून सांग.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. दिवाळीला आलो तेव्हा त्याची फिजिक्सची वही चाळली होती. गणिताचं उत्तर बरोबर, कोपऱ्यात पेन्सिलीनं चार आकडे, आणि मधल्या पायऱ्या गायब. डेरिव्हेशनची आकृती नाही, युनिट नाही. क्लासवाल्यांनी दोन वर्षं नुसते पर्याय निवडायला शिकवलंय, कॉलेजात तो फक्त प्रॅक्टिकलला जायचा. म्हणून ६१. आणि इंजिनिअरिंगची सेमिस्टर परीक्षा ही बोर्डासारखीच लिहायची असते रे, तिथं चार पर्याय नसतात. एम-वन ला, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताला, पायऱ्या नाही लिहिल्या तर तिथंही हेच होणार, आणि कॅम्पसला बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, सगळीकडं ६० मागतात. बारावीला त्याचे ६१ आहेत, ५९ नाहीत, हे नशीब समज. आता जुलैपर्यंत रिकामाच आहे ना, रोज एक प्रश्न पूर्ण लिहून काढायला लाव, तुला काही कळलं नाही तरी चालंल, फक्त पान भरलंय का बघ.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल काढलंस का? ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण) घेणार असशील तर ते पण. सेतूत आता गर्दी सुरू होईल, दुकान अर्धा दिवस बंद ठेव आणि या आठवड्यातच जाऊन ये. शेती अल्पभूधारकात बसत असंल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्त्याचं पण तिथंच विचारून ये.

मार्कशीट आणि सीईटीचं स्कोअरकार्ड दोन्हीचे फोटो व्हॉट्सॲपला टाक, रविवारी बसून यादीचा कच्चा खर्डा करतो, मग तू आणि पोरगं त्यात काय ते फिरवा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या