वायर जाळली की तांब्याची प्रत उतरते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वायरीतले तांबे काढायला ती पेटवून द्यायची, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो पाळणाऱ्याचे पैशाचेच नुकसान होते. आगीत तांबे काळवंडते, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, बारीक तारा ठिसूळ होऊन तुटतात आणि पापुद्रे राखेत जातात. चकचकीत उघड्या तारेची, म्हणजे भंगाराच्या धंद्यात ‘मिलबेरी’ म्हणतात त्या मालाची, प्रत मग थेट दुय्यम मालावर येते. धुराची गोष्ट वेगळीच. वायरीच्या आवरणाच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे पीव्हीसीत, क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डायॉक्सिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात आणि तांबेच त्या क्रियेला उत्प्रेरक ठरते.

त्यापेक्षा आवरण सोलून काढावे, पण त्याआधी हिशेब करावा. वायरीचा 1 मीटर तुकडा वजन करून सोलावा आणि नुसते तांबे पुन्हा तोलावे. 2.5 चौरस मिलिमीटरच्या एकेरी वायरीत मीटरमागे साधारण 22 ग्रॅम तांबे असते आणि 10 किलो वायरीतून 7 किलोच्या आसपास निघते. खरेदीदार न सोललेल्या वायरीला मोकळ्या तांब्याच्या दराच्या 60 टक्के देत असेल, तर 6 किलो तांब्याचे पैसे तसेच मिळतात आणि सगळी मेहनत उरलेल्या 1 किलोच्या किमतीसाठी होते. जाड वायरीत ती परवडते. चार्जर-इअरफोनच्या दोरीसारख्या वायरी मात्र तशाच विकाव्यात, त्यात दिवस घालवणे शहाणपणाचे नाही.

मग प्रतवारी. तुकड्याचे टोक कापून कापलेला भाग पाहावा. बाहेर तांबडे आणि आत पांढरे दिसले, तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. बाहेर पांढरे आणि आत तांबडे, तर कल्हई केलेले तांबे. जुन्या रबरी वायरीत ते हमखास सापडते, कारण रबरातल्या गंधकापासून तांबे वाचवायला कथिलाचा थर देत. चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आहे. चुंबकाने ॲल्युमिनियम मात्र कळत नाही, इथेच बरेच जण फसतात. मोटारीच्या गुंडाळीची तार चमकते, पण तिच्यावर वार्निशसारखा इनॅमलचा थर असतो, म्हणून ती वेगळी ठेवावी. चकचकीत ढिगात तिची एक मूठ पडली तरी सगळ्या ढिगाचा दर उतरतो.

वायर कुठेही जोडलेली नाही, दोन्ही टोके मोकळी आहेत, एवढे पाहूनच हात लावावा. जाडीप्रमाणे गठ्ठे करून तुकडे सरळ करावेत. टेबलाला आवळलेल्या सोलणयंत्रात पाते आवरण चिरेल पण तांब्याला टेकणार नाही इतकेच खाली आणावे. जास्त खाली गेले तर तांब्याचे कीस आवरणाबरोबर कचऱ्यात जातात आणि पाते बोथट होते. वर राहिले तर आवरण उकलतच नाही. जाडी बदलली की पाते पुन्हा लावावे. आधी टाकाऊ तुकड्यावर चालवून पाहावे. थंडीत पीव्हीसी कडक होते, तेव्हा गठ्ठा थोडा वेळ उन्हात ठेवावा. तीन गाभ्यांच्या वायरीचे बाहेरचे कवच आधी उभे चिरून भराव, कागद काढावा आणि मग एकेक गाभा घ्यावा. सुरीनेच काम करायचे तर वायरीचे एक टोक शिकंजात पकडून पाते जवळजवळ आडवे धरावे आणि अंगापासून दूर ओढावे. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. तुटलेली बारीक तार डोळ्याकडेच उडते, असा एक अलिखित नियम दिसतो!

झाळलेली (सोल्डर केलेली) टोके, टोकाला बसवलेले पितळी लग, हिरवट डाग पडलेले तुकडे पक्कडीने छाटून दुय्यम मालात टाकावेत. आम्लाने धुऊन चकाकी आणण्याच्या फंदात पडू नये. शिसाचे कवच, तेलकट कागद किंवा ॲस्बेस्टॉसचे विणकाम असलेली जुनी केबल घरी उघडूच नये, ती आहे तशी जाणकार खरेदीदाराकडे द्यावी. सोललेला माल कोरड्या पिशवीत बांधून ठेवावा. निघालेले पीव्हीसीही स्वच्छ आणि वेगळे ठेवले तर ते घेणारे मिळतात.

आपला,
एक वाचक