मॅडम, तुम्ही नुसते टाके घालून मोकळ्या झाला नाहीत म्हणून थँक्यू

डॉक्टर मॅडम, नमस्कार. टायफॉइडवाल्या सात वर्षांच्या मुलाची आई, ज्याचे आजोबा ऑपरेशन थिएटरच्या दारातच तुमच्याशी भांडले, एवढ्यावरून ओळखालच.

तापाचा तिसरा आठवडा, आता उतरतोय म्हणत होतो आणि एकदम पोट फुगून कडक झालं, हात लावू देईना. एक्स-रेत डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती-पोटाच्या मधल्या पडद्याखाली, हवा दिसली म्हणजे आतडं फुटलंय. तरी तुम्ही लगेच आत नेलं नाही, सलाईन, नाकातून नळी, अँटिबायोटिक, लघवी नीट व्हायला लागली मगच नेलं, आम्ही बाहेर चिडून बसलेलो, पण अंगातलं पाणी आटलेल्या पोराला तशीच भूल देणं किती धोक्याचं ते नंतर समजलं.

मग मधेच तुम्ही बाहेर आलात आणि केसपेपरच्या मागे पेनानं आतडं काढून दाखवलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींमध्ये हे जंतू बसतात, तिथं जखम होते, ती खोल जात आरपार भोक पडतं. लवकर आलेल्यांचं भोक शिवून बऱ्याचदा भागतं पण याच्या पोटभर पू झालाय, आतडं भिजलेल्या कागदासारखं, टाका धरेल याची खात्री नाही, म्हणून आतड्याचं तोंड काही दिवस पोटावर काढते, शी तिथून पिशवीत येईल म्हणालात. त्यावर आमचे मामंजी, पोरगं पिशवी लावून शाळेत जाणार का! तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "आजोबा, पिशवी नंतर काढता येते."

ते लाल ओलं तोंड बघून मला भोवळ आली, पोरगं मात्र बोट लावून बघत होतं, त्याला तिथं दुखतच नाही ना. पिशवीचं भोक मापात कापायचं, पातळ शी लागून कातडी सोलते म्हणून झिंकची पेस्ट, ओआरएस चालूच ठेवायचं, हे सगळं वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवलं, त्यांनाही थँक्यू सांगा. जखमेत पू झाला तेव्हा रोजचं ड्रेसिंग त्यांनीच केलं. वजन भरल्यावर डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, आतड्यात घालून एक्स-रे काढला आणि तुम्ही आतडं परत जोडलंत, आता भाकरी खातो.

धाकटीला टायफॉइडची लस दिली. नवी मुंबईत महापालिकेनं 2018 लाच मुलांना द्यायला सुरुवात केलेली, आमच्याकडे कोणी बोललंच नव्हतं. आता मामंजीच पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, पोरांना टायफॉइडची सुई दिली का, आणि नाही म्हटलं की त्याच्याशीही भांडतात.