बॅटऱ्या काढण्यापूर्वी हे पत्र वाच

परभणी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

वाळूजच्या कारखान्यातील माल वाहणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटऱ्या येत्या रविवारी तुला बदलायच्या आहेत, असे तू फोनवर सांगितलेस आणि दोन मिनिटांत विषय संपवलास. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून राहिलेले लिहून पाठवत आहे.

ट्रॅक्टरच्या गॅरेजात माझी पंचवीस वर्षे गेली, पण तेथे हाताखाली १२ व्होल्टची एकच बॅटरी असे. तुझ्या गाडीत ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या माळेसारख्या जोडून ४८ व्होल्ट केलेले आहेत. चावी फिरवली की गाडी बंद होते, बॅटरी बंद होत नाही. तिला बंद करण्याचे बटणच नसते. मुख्य केबल सुटल्यावरही उरलेल्या माळेत विजेचा दाब तसाच असतो आणि दोन टोकांवर पाना आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात. माझ्या उजव्या अनामिकेवरचा गोल डाग तू लहानपणी बोट फिरवून पाहत असायचास. निगेटिव्ह न काढताच मी पॉझिटिव्हचा नट सैल करत होतो, आणि पान्याला लागलेली अंगठी चासीला, म्हणजे निगेटिव्ह जोडलेल्या लोखंडी सांगाड्याला टेकली. क्षणभरच टेकली, तरी ती बोटातून निघेपर्यंत कातडी गेली होती. म्हणून अंगठी, घड्याळ, हातातले कडे हे सगळे आधी काढून ठेव आणि पान्याच्या दांड्याला तोंडापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळ.

गाडी सपाट जागी लाव, हँडब्रेक ओढ, चाकांना लाकडी गुटके लाव आणि चावी स्वतःच्या खिशात ठेव. ‘टो’चा, म्हणजे गाडी ओढून नेताना वापरायचा खटका असेल तर तोही फिरव. मोटरची वीज कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरमध्ये काही वेळ वीज साठून राहते, त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तितके थांब. चार्जिंग नुकतेच झाले असेल तर बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघालेला असतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. आपल्याकडे उन्हाच्या झळा आणि धूळ नको म्हणून शेडचे शटर ओढून घेण्याची सवय आहे. त्या दिवशी मात्र ते पूर्ण उघडे राहू दे.

कोणतीही केबल सोडण्याआधी मोबाईलवर वरून फोटो काढून ठेव. मग मुख्य निगेटिव्ह आधी सोड, तिच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढव, त्यानंतर मुख्य पॉझिटिव्ह, आणि मग मधल्या केबली एकेक करून. एकेक बॅटरी साधारण २८ किलोची असते. ती पट्ट्याने, दोघांनी मिळून, सरळ उभी उचलायची. टर्मिनलला, म्हणजे केबल जोडायच्या टोकाला धरून कधीही नाही.

चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकणालाही हात लावू नकोस. आत गंधकाचे तेजाब असते. माझ्या सदऱ्यावर संध्याकाळी काहीच दिसत नसे, पण तुझ्या आईने तो धुऊन वाळत घातला की बारीक भोकांतून ऊन पलीकडे दिसे. सुती कापडाचे जे होते तेच डोळ्याचे होऊ शकते. थेंब उडालाच तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठ. सांडलेल्या तेजाबावर आणि ट्रेवर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाक, फेस यायचा थांबेपर्यंत. ते पाणी सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांत जाऊ देऊ नकोस.

नव्या बॅटऱ्या बसवताना क्रम उलटा ठेव. मधल्या केबली, मग पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्ह सर्वांत शेवटी. पण ती शेवटची जोडण्याआधी माळेच्या दोन टोकांत मल्टिमीटर लाव. भरलेल्या बॅटऱ्या असतील तर ५० ते ५१ व्होल्ट दिसतील. आकडा ३८ च्या आसपास आला तर बहुधा एक बॅटरी उलटी बसली आहे. अशा वेळी घाई न करता फोटोशी ताडून पाहा. टर्मिनल मऊ शिशाचे असतात, म्हणून नट पुस्तिकेत दिला आहे तेवढाच आवळ. आठातल्या दोनच बदलू असे कोणी सुचवले तर ऐकू नकोस, कारण जुन्या बॅटऱ्या नव्यांनाही लवकर खाली ओढतात.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नकोस. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार त्या अधिकृत पुनर्चक्रणासाठीच गेल्या पाहिजेत, म्हणून विक्रेत्याला विचार. जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ धू. शिसे डोळ्यांना दिसत नाही.

सोबत माझा टेप गुंडाळलेला १३ चा पाना पाठवत आहे. काम झाल्यावर आठही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजून कागदावर लिही आणि रात्री मला वाचून दाखव. मी फोनजवळच बसलेला असेन.

तुझे अण्णा