काका, त्या दोन बोटांच्या जागेबद्दल

प्रिय काका,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, नाहीतर पाना शोधायला उठता. म्हणून हे चार लोकांच्या देखत लिहितोय.

आमच्या १९७७ च्या एमजीबीचं, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालं तेव्हा मला हेड गॅस्केटची शंका होती. निघाला ब्लॉकला तडा. खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला होता, कारण नवं इंजिन माझ्या डोक्यात कधीचं ठरलेलं होतं: फोर्डचं ३०२, म्हणजे जवळजवळ पाच लिटरचं बिडाचं व्ही-८. ताकदीचे आकडे तोंडपाठ. तुम्ही ते सगळे ऐकून घेतलेत आणि विचारलंत, "वजन किती? खालच्या ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे येतो की मागे?" मी गप्प.

मग तोंडात टॉर्च धरून तुम्ही गाडीखाली शिरलात, मलाही ओढलंत. माझा हात धरून इंजिनच्या कुशीत, स्टिअरिंगच्या दांड्याशेजारी घातलात. "एक्झॉस्ट इथूनच जाणार ना? मग जागा बघ." दोन बोटं कशीबशी गेली. हॉर्सपॉवर हा शब्द त्या दिवशी परत निघाला नाही.

रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ तुम्ही सुचवलंत तेव्हा मी नाक मुरडलं होतं, त्याबद्दल माफी. मूळ ब्यूइकचं हे इंजिन. त्याचे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन आमच्या १७९८ सीसीच्या बिडाच्या चार सिलिंडरच्या आसपास. म्हणजे पुढच्या स्प्रिंगांना फारसा पत्ताही लागत नाही. आणि एमजीने स्वतःच १९७३ ते १९७६ मध्ये ते एमजीबीच्या जीटी या बंद छपराच्या मॉडेलमध्ये बसवलं होतं. बॉनेट बंद व्हावं म्हणून पेट्रोल-हवा मिसळणारे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर मागे सरकवावे लागले होते त्यांना. "कंपनीने जिथं आधीच डोकं आपटून घेतलंय तिथं आपण कशाला आपटायचं?" हे तुमचंच वाक्य. आमची गाडी रबर बंपरवाली, तिची इंजिनची जागाच व्ही-८ मावेल अशी केलेली, हे मला तुमच्याकडून कळलं. गाडी मात्र माझी!

रेडिएटर, ब्रेक, क्लच यांबद्दल तुमचं सगळं मुकाट ऐकलं. डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरवर, मात्र भांडलो. जुना ३.९०९ गुणोत्तराचाच ठेवू, खर्च वाचेल, असं माझं म्हणणं. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर टायरचा घेर मांडून आरपीएम काढून दाखवलेत. एवढं जोरकस इंजिन आणि टॉप गिअरमध्ये ते उगाच बोंबलत राहणार. कंपनीच्या व्ही-८ ला ३.०७ होता तो काही हौस म्हणून नव्हे.

एका गोष्टीत मी अजून तुमच्याशी सहमत नाही. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन जमलं असतं. हाय-प्रेशर पंप, टाकीपर्यंत परतीची लाइन, वायरिंग, सगळं केलं असतं मी. असो, कार्ब्युरेटर बसलेत आणि थंडीतही एका चावीत सुरू होतात, हे मान्य करतो.

एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगच्या दांड्यामध्ये दोन बोटांची जागा उरली आहे. तुमची टॉर्च माझ्याकडेच आहे, दातांच्या खुणांसकट. न्यायला या, आणि येताना कपडे खराब झाले तरी चालतील असे घालून या.

तुमचा,
गाडीखालचा शिकाऊ